गेम प्रोग्रामिंगच्या धड्यांचे सामूहिक संकेतस्थळ: धडे जुने पडू नयेत म्हणून रचना कशी असावी?

कळफलक (प्रश्न)

नमस्कार. गेम प्रोग्रामिंग नव्याने शिकू पाहणाऱ्यांसाठी धड्यांचे एक सामूहिक संकेतस्थळ उभारण्याचे आम्ही काही मित्रांनी ठरवले आहे. ज्याला व्हेरिएबल, अट आणि लूप एवढे समजते, पण पडद्यावर साधा चेंडू हलवायचा म्हटले की कोठून सुरुवात करावी हे उमगत नाही, असा वाचक आमच्या डोळ्यांसमोर आहे. धडा कोणालाही लिहिता यावा आणि दुसऱ्याच्या धड्यातली चूक कोणालाही दुरुस्त करता यावी, अशी आमची इच्छा आहे.

इंटरनेटवर अशा धड्यांची वानवा नाही. वानवा आहे ती शेवटपर्यंत नेणाऱ्या आणि आजही चालणाऱ्या धड्यांची. उत्साहाने सुरू झालेली मालिका तिसऱ्या भागावर थांबते, लेखक दुसऱ्या कामात गुंततो, आणि पुढे तोच कोड उतरवून घेणाऱ्याच्या हाती एररशिवाय काही लागत नाही. दोष आपलाच असणार असे समजून तो शिकणेच सोडून देतो, याचे आम्हाला फार वाईट वाटते. आपल्या संकेतस्थळाची ही गत होऊ नये यासाठी इंजिन (गेम बनवण्याचे तयार सॉफ्टवेअर) एकच निवडावे की अनेक, विकी बरी की गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली), आणि परवाना कोणता ठेवावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चौथीफ्रेम

आपण नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले आहे. धडा लिहिणे हे या कामातले निम्मेच श्रम असून तो चालता ठेवणे हे उरलेले निम्मे आहेत, आणि बहुतेक संकेतस्थळे या दुसऱ्या निम्म्याची तरतूदच करत नाहीत.

एक उदाहरण जवळून पाहू. गोडो या मुक्त इंजिनाची चौथी आवृत्ती मार्च २०२३ मध्ये आली. तिसऱ्या आवृत्तीत खेळाडूसाठी ‘कायनेमॅटिकबॉडी’ नावाचा नोड (गेमचा एक घटक) असे आणि ‘मूव्ह अँड स्लाइड’ या फंक्शनला वेग आर्ग्युमेंट म्हणून द्यावा लागे. चौथ्या आवृत्तीत नोडचे नाव ‘कॅरेक्टरबॉडी’ झाले, वेग हा त्या नोडचाच गुणधर्म झाला आणि फंक्शनचा कंस रिकामा राहू लागला. अनुभवी माणूस हा बदल काही मिनिटांत ओळखतो. नवशिक्याला मात्र ‘आर्ग्युमेंट जास्त झाली’ एवढीच तक्रार दिसते, आणि धड्यात छापलेला कोड चुकीचा असू शकतो ही शंकासुद्धा त्याच्या मनात येत नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की, धड्याच्या माथ्यावर इंजिनाची आवृत्ती आणि तो शेवटचा चालवून पाहिल्याची तारीख असावी, तसेच धड्यात दिसणारा कोड हाताने चिकटवलेला नसावा. तो खऱ्या, चालणाऱ्या प्रोजेक्टच्या फाइलमधून आपोआप पानावर यावा. हे प्रोजेक्ट गिटमध्ये असले की इंजिनाची नवी आवृत्ती येताच सर्व धड्यांचे प्रोजेक्ट एकदम बिल्ड करून (कोडपासून गेम तयार करून) पाहता येतात, आणि जे अडखळतील त्यांच्या माथ्यावर ‘हा धडा सध्या दुरुस्तीसाठी काढला आहे’ अशी सूचना लावता येते. विकीवर हे साधणे कठीण आहे. विकीवर लेखन सोपे असते हे खरे, पण तेथे कोड म्हणजे निव्वळ मजकूर असतो आणि तो चालतो की नाही हे विकीला कळत नाही.

इंजिनाविषयी माझे मत स्पष्ट आहे: प्रारंभी एकच निवडावे आणि ते मुक्त परवान्याचे असावे. मायक्रोसॉफ्टने एक्सएनए या गेम बनवण्याच्या साधनाचा विकास २०१३ साली थांबवला, ब्राउझरमध्ये गेम चालवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, आणि युनिटी इंजिनाच्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेले इन्स्टॉलनिहाय शुल्क वर्षभराने मागे घेतले असले तरी मधल्या काळात अनेकांनी आपले प्रकल्प दुसरीकडे हलवले. मुक्त इंजिनही बदलते, हे वरच्या उदाहरणात दिसलेच. मात्र त्याची जुनी आवृत्ती कोणी आपल्या हातून काढून घेऊ शकत नाही.

साधने बदलली तरी टिकणारे ज्ञान कोणते, हेही आधीच ठरवून घ्यावे. समजा, कोडमध्ये प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक चित्राला, चेंडू ५ पिक्सेल पुढे सरकतो. सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या पडद्यावर तो सेकंदात ३०० पिक्सेल जाईल आणि १४४ फ्रेमच्या पडद्यावर ७२०, म्हणजे तोच गेम एका संगणकावर सव्वादोन पटींहून अधिक वेगाने पळेल. दोन फ्रेममधला वेळ मोजून वेगाला त्याने गुणावे, हा यावरचा उपाय कोणत्याही इंजिनात आणि कोणत्याही भाषेत लागू पडतो. असे धडे वेगळ्या विभागात ठेवल्यास ते फारसे जुने होणार नाहीत. माझ्या मते संकेतस्थळाची सुरुवातच या विभागाने व्हावी.

धडपड्या

चौथीफ्रेम यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु शेवटच्या वाक्याशी नाही. नवशिक्याला पहिल्याच पानावर फ्रेममधला वेळ आणि गुणाकार वाचायला लावले तर तो दुसरे पान उघडणार नाही. त्याला आधी पूर्ण गेम हवा असतो, मग तो कितीही लहान असो. आरंभ, हार, जीत आणि पुन्हा खेळण्याची सोय एवढे सगळे असलेला विटा फोडण्याचा गेम मला यासाठी सर्वांत योग्य वाटतो. १९७६ च्या ब्रेकआउटपासून हा प्रकार चालत आला आहे आणि त्यात कळ दाबणे, हालचाल, टक्कर आणि विटांची यादी हे सारे ओघाने येते. चेंडू दुसऱ्या संगणकावर भलताच वेगाने पळतो, असे वाचकाने स्वतः पाहिले की गुणाकाराचा धडा तो आपणहून शोधत येईल.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. आपले धडे सहसा सरळ वाटेने लिहिले जातात. शिकणारा मात्र वाटेवरून घसरतो, आणि नेमका कोठे घसरतो हे धड्यात नसते. विटा फोडण्याच्या गेममध्ये जवळजवळ प्रत्येकाला भेटणारा एक दोष असा: फळीला (खेळाडू जिने चेंडू परतवतो तिला) चेंडू लागला की उभ्या वेगाचे चिन्ह उलटे करायचे, असे लिहिलेले असते. फळी वेगाने आडवी सरकून चेंडूवर चढली, तर पुढच्या फ्रेमलाही चेंडू फळीच्या आतच असतो, चिन्ह पुन्हा उलटते, मग पुन्हा, आणि चेंडू फळीत अडकून थरथरत राहतो. चिन्ह उलटे करण्याऐवजी वेग नेहमी वरच्या दिशेचाच ठेवला की दोष जातो. चांगल्या धड्याने हा दोष आधी मुद्दाम घडवून आणावा, तो वाचकाला पडद्यावर पाहू द्यावा, आणि त्यानंतरच उपाय सांगावा. एवढ्या एका दोषातून गेमची स्थिती फ्रेमगणिक कशी पुढे जाते हे जितके स्वच्छ कळते, तितके व्याख्येने कळत नाही.

याच कारणासाठी प्रत्येक धड्याखाली ‘येथे अडलो’ असे नोंदवण्याची सोय द्यावी आणि त्या नोंदी दर काही दिवसांनी धड्याच्या मजकुरातच समाविष्ट कराव्यात. त्या खाली साचत गेल्या तर महत्त्वाचे उत्तर चाळिसाव्या प्रतिसादात दडून बसते.

तळटीप

परवान्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मजकूर आणि कोड यांचे परवाने वेगळे ठेवावेत. मजकुराला क्रिएटिव्ह कॉमन्सचा श्रेयनिर्देश व समानवाटप परवाना, आवृत्ती ४.०, योग्य ठरेल. विकिपीडियाचा मजकूरही याच परवान्याखाली आहे. सॉफ्टवेअरसाठी मात्र आपले हे परवाने वापरू नयेत असे क्रिएटिव्ह कॉमन्स स्वतःच सुचवते. धड्यातल्या दहा ओळी उचलून कोणी आपला गेम विकायला काढला, तर समानवाटपाची अट (आधारित कृतीही त्याच परवान्याखाली द्यावी ही) त्याच्या गेमला लागू होते की काय, अशी धास्ती त्याला वाटू नये. एमआयटी परवाना बराच सैल आहे, पण त्यातही मूळ प्रताधिकाराची सूचना सोबत ठेवावी लागते. म्हणून उदाहरणादाखल दिलेल्या लहान कोडसाठी मी सीसी झिरो, म्हणजे सर्व हक्क सोडून देण्याची क्रिएटिव्ह कॉमन्सची घोषणा, सुचवेन.

पहिला धडा स्वीकारण्यापूर्वीच हे परवाने लेखकांना मान्य करायला लावावेत, कारण नंतर परवाना बदलायचा झाल्यास प्रत्येक लेखकाला शोधून त्याची संमती मिळवावी लागते.

गाजलेल्या गेमची चित्रे आणि ध्वनी धड्यांत मुळीच घेऊ नयेत. खेळाची कल्पना सर्वांना खुली असली तरी तिचे दृश्य रूप तसे नसते. टेट्रिसच्या बाह्य रूपाची हुबेहूब नक्कल करणाऱ्या एका गेमविरुद्ध अमेरिकेतील न्यायालयाने २०१२ साली निकाल दिला आहे. ओपनगेमआर्टसारख्या ठिकाणी मुक्त परवान्याची चित्रे मिळतात, पण तेथेही प्रत्येक चित्राचा परवाना निरनिराळा असल्याने तो प्रोजेक्टमध्येच लिहून ठेवावा.

कळफलक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. आम्ही गिटचा मार्ग घेत आहोत आणि पहिली मालिका विटा फोडण्याच्या गेमची असेल. वेळ मोजण्याचा धडा तिच्या मध्यावर, वेगाचा घोळ दिसल्यानंतर येईल. एक शंका उरते. काहीही इन्स्टॉल न करता धड्याच्या पानावरच तयार गेम खेळून पाहता यावा, अशी आमची फार इच्छा आहे. संकेतस्थळ गिटहब पेजेसवर (गिटमधल्या फाइलींचे संकेतस्थळ दाखवणाऱ्या सेवेवर) ठेवल्यास गोडोचा वेब एक्स्पोर्ट (गेमचे ब्राउझरमध्ये चालणारे रूप) तेथे चालेल का?

चौथीफ्रेम

चालेल, परंतु आवृत्ती पाहून. चौथ्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या वेब एक्स्पोर्टला थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) लागत असत, आणि त्यासाठी सर्व्हरने दोन विशिष्ट हेडर (पानासोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचना) पाठवणे आवश्यक होते. गिटहब पेजेसवर आपल्याला हेडर ठरवता येत नाहीत, त्यामुळे तेथे गेम सुरूच होत नसे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ४.३ पासून थ्रेडविना एक्स्पोर्ट करता येतो, तोच पर्याय निवडावा. शिवाय इंजिनाची फाइल बरीच जड असते, म्हणून पान उघडताच गेम लोड करू नये. त्या जागी एक चित्र ठेवून वाचकाने त्यावर क्लिक केल्यावरच तो मागवावा, म्हणजे मंद जोडणीवरही धड्याचा मजकूर लगेच वाचता येईल.