पांढरा मासा पॅनला चिकटतो आणि लिंबू-बटरचा सॉस फुटतो

पहिला_घाणा

ताज्या पांढऱ्या माशाचे कातडीसकट फिले आहेत, एकेक साधारण १५० ग्रॅमचा आणि दोन सेंमी जाड. मसाल्याचं जाड आवरण नकोय. नुसतं मीठ, तेल आणि सोबत बटर-लिंबाचा साधा सॉस, एवढंच. स्टीलच्या पॅनमध्ये कातडी चिकटते आणि उलटताना मासा फुटतो. कधी चिकटला नाही, तर कातडी कुरकुरीत न होता चामट राहते. सॉसमध्ये बटर वरती तरंगतं आणि आंबट पाणी खाली राहतं. नॉनस्टिक पॅन घेतलं की प्रश्न सुटेल का? मीठ आधी लावायचं की तळल्यावर?

मंद_आच

नॉनस्टिकने चिकटणं थांबेल, चामटपणा तसाच राहील. दोन्हींचं कारण ओलावा. कातडीवर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या फारसं वर जात नाही आणि खरपूस रंग धरायला साधारण १४० अंश लागतात. तोपर्यंत मासा तेलात असूनही वाफेवरच शिजत असतो.

मीठ आधीच लावा, पण वेळ पाळून. एका फिलेला पाव छोटा चमचा, दोन्ही बाजूंना, तळण्याच्या १५ मिनिटं आधी. मीठ लावल्यावर पाणी सुटतं, ते टिपून टाकायला तेवढा वेळ हवा. पाच मिनिटं आधी लावून तसाच पॅनमध्ये टाकला तर नेमकं सुटत असलेलं पाणी तेलात जातं. एवढा वेळ नसेल तर अगदी शेवटच्या क्षणी लावा, अधलंमधलं काही नको. टिपताना कागदी रुमाल दाबून धरा, चोळू नका. मग सुरीची बोथट कड कातडीवरून खवल्यांच्या दिशेने ओढा. कोरड्या दिसणाऱ्या कातडीतूनही पाणी निघतं. ते पुसा.

स्टीलचं पॅन रिकामंच मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब टाकल्यावर न चरचरता गोळी होऊन घरंगळला की पॅन तयार. (नॉनस्टिक असं रिकामं तापवू नये, लेप खराब होतो.) पॅनमधलं पाणी उडून गेल्यावर दोन मोठे चमचे बिनवासाचं तेल घाला. तेलावर लहरी दिसल्या की मासा कातडी खाली करून, आपल्यापासून लांबच्या बाजूला टेकवत ठेवा. लगेच रुंद उलथन्याने २० सेकंद दाबून धरा. उष्णतेने कातडी आकसते आणि तुकडा धनुष्यासारखा वाकतो. मग मधला भाग पॅनला टेकतच नाही आणि तिथेच चामट राहतो.

यानंतर हात लावायचा नाही. कच्ची प्रथिनं तापलेल्या धातूला धरतात, तळाशी पापुद्रा नीट झाला की आपोआप सोडतात. दोन सेंमी जाडीला चार-पाच मिनिटं. कडेने पाहिलं की अर्धपारदर्शक मांस खालून पांढरं होत वर चढताना दिसतं. दोन तृतीयांश उंची गाठली की उलटा, दुसऱ्या बाजूला मिनिट-सव्वा मिनिट पुरतं. उलथनं अडत असेल तर खरवडू नका, अर्धा मिनिट थांबा.

मोजून_मापून

वरचं बहुतेक पटतं, फक्त मीठ वरून भुरभुरण्यापेक्षा मिठाचं पाणी बरं. एक लिटर थंड पाण्यात ५० ग्रॅम मीठ, मासा १० मिनिटं बुडवायचा, मग टिपून फ्रिजमध्ये अर्धा तास उघडा, कातडी वरच्या बाजूला. मीठ सगळीकडे सारखं लागतं, मांस घट्ट होतं आणि शिजताना पाकळ्या सुट्या पडत नाहीत. वेगळं मीठ मात्र लावायचं नाही.

शिजलं की नाही हे मिनिटांवर सोडू नका, फिलेची जाडी एकसारखी कधीच नसते. जाड भागाच्या मध्यात टोकदार थर्मामीटर घाला. ५५ ते ५७ अंशांना मांस रसाळ असतं आणि उतरवल्यावरही दोन-तीन अंश चढतं. अन्नसुरक्षेसाठी साधारणपणे ६३ अंश सांगितले जातात. लहान मुलं, गरोदर स्त्रिया किंवा आजारी माणसं जेवणार असतील तर तोच आकडा धरा. शेपटीकडचा पातळ भाग आधीच कापून नंतर वेगळा तळा, नाहीतर जाड भाग होईपर्यंत तो कोरडा पडतो.

आणखी एक: २८ सेंमीच्या पॅनमध्ये दोन, फार तर तीन तुकडे. गर्दी केली की पॅन गार पडतं आणि सगळी मेहनत वाफेत जाते.

लिंबू_शेवटी

सॉसकडे कुणीच वळलं नाही. मासा काढल्यावर पॅनमधलं तेल ओतून टाका, तळाशी करपलेलं असेल तर पुसूनही घ्या. तीन मोठे चमचे पाणी आणि एक चमचा लिंबाचा रस घालून उकळा, एक-दीड चमचा उरेपर्यंत आटवा. आता आच बंद. फ्रिजमधून काढलेलं ४० ग्रॅम बटर लहान तुकडे करून तीन-चार वेळा विभागून घाला आणि पॅन गोल फिरवत राहा. गार बटर हळूहळू वितळतं तेव्हा त्यातली चरबी बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात विखुरते आणि सॉस दाट, मलईदार दिसतो. उकळत्या पाण्यात सगळं बटर एकदम टाकलं की ते थेंब एकत्र येऊन वर तरंगतात. तुमचं तेच होतंय. फुटलाच तर एक चमचा गार पाणी घालून आचेबाहेर जोरात फेटा, बहुतेक वेळा जुळून येतो. पुन्हा गरम करायला मात्र ठेवू नका.

लिंबू मासा तळण्याआधी लावू नका. आम्लाने वरचा थर भुसभुशीत होतो आणि पाणी सोडतो. सॉस आधी ताटलीत, मासा त्यावर, कातडी वर. कातडीवर सॉस ओतला तर कुरकुरीतपणा दोन मिनिटंही टिकत नाही.

पहिला_घाणा

पीठ लावावं का? आणि बिडाचं पॅन चालेल का?

मंद_आच

कातडी असेल तर पिठाची गरज नाही. बिनकातडीच्या फिलेला जरूर लावा: मैद्याचा अगदी पातळ हात, पॅनमध्ये सोडण्याच्या क्षणीच, जास्तीचं झटकून. पाच मिनिटं ठेवलंत तर त्याची खळ होते आणि तीच पॅनला चिकटते. बिनकातडीचा तुकडा दोन्ही बाजूंनी अडीच-तीन मिनिटं.

बीड तळायला उत्तम, पण सॉस त्यात करू नका. लिंबाने तेलाचा मुरलेला थर निघतो आणि चव धातूसारखी लागते. सॉस छोट्या स्टीलच्या पातेल्यात, मासा उलटल्यावर.

लिंबू_शेवटी

बटर मीठवालं असेल तर सॉसमध्ये मीठ मुळीच नको. चिरलेली पार्सली किंवा शेपू घालायचा असेल तर बटर संपल्यावर, शेवटी.