मदत हवी आहे: रशियाच्या मालिकेत 'गहाण' भागात अडकलोय

पाट्याटाकू: दुसरा भाग तीनदा पाहिला. बँका सरकारला कर्ज देतात आणि पुढच्याच दृश्यात तेल कंपनी बँकेची! मधे काय झालं? उद्या कट्ट्यावर मलाच बोलायचंय. लवकर सांगा.

बटाटेवडा: मालिकेचं नाव? साल?

पाट्याटाकू: नाव कुणाला ठाऊक, मेव्हण्याने पेनड्राइव्हवर दिली. त्यात राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन आहे.

मंजिरी_नाशिक: मग १९९५. तिजोरी रिकामी, म्हणून सरकारने कंपन्यांचे शेअर गहाण टाकून बँकांकडून पैसे उचलले. फेडले नाहीत, गहाण बुडालं. नोरिल्स्क निकेल या खाण कंपनीचे ३८ टक्के शेअर सुमारे १७ कोटी डॉलरना गेले. या गहाणाचा लिलाव चालवणारी बँक धनाढ्य पोतानिनची, घेणाराही तोच. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

जुना_खवय्या: ताई, सुरुवात तिथे नाही. १९९२ ची व्हाउचरं आधी सांगा. सरकारी कंपन्यांचे शेअर घेता यावेत म्हणून माणशी १०,००० रूबलचा कागद वाटला, महागाईत लोकांनी मिळेल त्या भावाला फुंकला.

मंजिरी_नाशिक: व्हाउचरं विचारली कुणी?

जुना_खवय्या: विचारली नाहीत म्हणून तर अडकलेत.

निळा_स्कार्फ: रशियन धनाढ्य अब्रामोविचने २००३ ला आमचा चेल्सी क्लब घेतला तो भाग आला का? त्याआधी आमचे काय हाल होते...

बटाटेवडा: फुटबॉलचा धागा वेगळा काढा.

तंत्रज्ञ_काका: पेनड्राइव्ह टीव्हीवर चालत नसेल तर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा.

पाट्याटाकू: काका, चालतोय हो. फॉरमॅट केला तर सगळंच जाईल! ताई, सरकारला फेडायचंच नव्हतं का? आणि ज्युगानोव मधेच कुठून उपटला?

मंजिरी_नाशिक: तीच तर मेख. गहाण शेअर विकायची मुभा बँकांना १९९६ च्या निवडणुकीनंतरच मिळणार होती. कम्युनिस्ट उमेदवार ज्युगानोव निवडून आला तर सगळं परत जाणार, ही धास्ती. म्हणून धनदांडग्यांनी येल्त्सिनमागे पैसा ओतला. त्यांतल्या गुसिन्स्कीची एनटीव्ही वाहिनी होती, बेरेझोव्स्कीच्या मुठीत ओआरटी वाहिनी. जुलैत येल्त्सिन दुसऱ्या फेरीत जिंकला.

जुना_खवय्या: पुढचंही सांगा की. पुतिन आल्यावर गुसिन्स्की २००० ला आत, २००१ ला एनटीव्ही गॅस कंपनी गाझप्रॉमकडे. युकोस तेल कंपनीच्या खोदोर्कोव्स्कीला ऑक्टोबर २००३ मध्ये नोवोसिबिर्स्कच्या विमानतळावर उचलला.

मंजिरी_नाशिक: ते तिसऱ्या भागात असेल. बोलायला वेळ किती आहे, पाट्याटाकू?

पाट्याटाकू: सात मिनिटं. तिसरा भाग मेव्हण्याने दिलाच नाही.