मायव्हानच्या भिंतीसाठी स्वस्त रोटरी हॅमर घ्यावा का?

मदत हवी आहे. फ्लॅट मायव्हान बांधकामाचा, म्हणजे विटा नाहीतच, सगळ्या भिंती काँक्रीटच्या. पडद्यांचे रॉड, किचनमधलं रॅक आणि दोन-चार शेल्फ लावायचे आहेत. भोकं ६ आणि ८ मिमीची, फार तर १० ची. तोडफोड करायची नाही.

शेजाऱ्यांचा १३ मिमी चकचा इम्पॅक्ट ड्रिल वापरून पाहिला. हॅमर मोड चालू होता, मेसनरी बिट नवा होता, तरी सेंटीमीटरभर आत जाऊन थांबतो. जोर लावला की बिटचं टोक तापून काळं पडतं. जागा बदलूनही तेच, त्यामुळे सळई आडवी येते असं वाटत नाही.

बजेट ४,००० रुपये, बिट धरून. त्यात बिननावाचे २६ मिमीचे (म्हणजे काँक्रीटमध्ये तेवढं भोक पाडू शकणारे) एसडीएस प्लस (खाचांचा बिट नुसता ढकलून बसतो तो चक) रोटरी हॅमर, म्हणजे आतून जोरदार ठोके देणारी ड्रिल मशीनं, मिळतात, खोक्यावर वॉट भरमसाट छापलेले (त्यावर माझा काडीचा विश्वास नाही). नामांकित कंपनीचा दोन किलोचा लहान हॅमर बजेटबाहेर जातो. भाड्याचं मशीन नको, कारण कामं सुट्टीच्या दिवशी थोडी थोडी होणार.

ज्यांनी असं स्वस्त मशीन काँक्रीटवर वर्षभर तरी वापरलंय त्यांनी सांगा: दुकानात हातात घेतल्यावर नक्की काय तपासायचं? चकमधला खेळ, क्लच (बिट अडकला की फिरणं सोडवतो तो), की आणखी काही? कार्बन ब्रश आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) नंतर सुटे मिळतात का? की मशीन साधं घेऊन पैसे चांगल्या बिटवर घालावेत?