शब्दचर्चा: ‘पूर्व कथन से विरोधाभास’ मराठीत कसं लिहावं?

पलासियाकर: सत्र न्यायालयाच्या एका हिंदी निकालाचं मराठी करतेय, साताऱ्याच्या पक्षकारासाठी. साक्षीदार पोलिसांना म्हणाला, कुऱ्हाड बघितली. कोर्टात म्हणाला, अंधार होता, काही दिसलं नाही. यालाच निकालात पानोपानी ‘विरोधाभास’ म्हटलंय. मी शब्द तसाच ठेवला, तर पुण्याची भाची म्हणते, मावशी, हा अलंकार झाला, यात विरोध नुसता भासतो! इंदुरात तर सगळे वकील हेच बोलतात. काय लिहू?

सुदामानगर: ‘तफावत’ लिहा. आणि ‘कथन’ नको, ‘जबाब’.

रामबाग_वकील: ‘जबाब’ बरोबर, ‘तफावत’ नको. पाच वाजता की साडेपाचला, ही तफावत. कुऱ्हाड दिसली की नाही, ही विसंगती. ताई, फरक जपा, माणसाची शिक्षा त्यावर ठरते. पोलिसांपुढचा जबाब हा मुळात पुरावा नव्हेच, तो साक्षीदाराला खोडून काढण्यापुरता. त्यासाठी नेमकं वाक्य त्याला दाखवावं लागतं: पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १४५, आता त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १४८. तो ‘असं सांगितलं नव्हतं’ म्हणाला की त्या वाक्याच्या दोन्ही टोकांना खूण होते, आपल्याकडे ‘ए से ए भाग’ म्हणतात तो. मग तपास अधिकाऱ्याच्या तोंडून ते वाक्य शाबीत करायचं. हे राहिलं तर विसंगती कागदावरच राहते.

देवासनाका: एवढं कशाला? साक्षीदार फितूर झाला, संपलं.

सुदामानगर: इंदुरात ‘फितूर’ म्हणाल तर लोक डोक्यातलं खूळ समजतील. ‘दिमाग का फितूर’ ऐकलं नाही का?

देवासनाका: ते हिंदीत. फितवा-फितुरी आपल्या जुन्या कागदपत्रांत आहे. हिंदीच्या भीतीनं मराठी शब्द सोडायचा?

सुदामानगर: मूळ अरबीच की! शुद्धच हवं तर ‘पक्षविरोधी’ आहे, इथल्या निकालांत तोच असतो.

रामबाग_वकील: दोन्ही मला पटत नाहीत. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १५४ मध्ये ‘फितूर’ नाहीच. ज्यानं साक्षीदार आणला त्यालाच उलटतपासासारखे प्रश्न विचारू द्यायचे, एवढंच आहे. आणि फितूर ठरवलं म्हणून त्याची सगळी साक्ष पुसली जात नाही, सर्वोच्च न्यायालयानं हे वारंवार सांगितलंय. विश्वासाचा भाग घेता येतो. ज्याच्या दारात रात्री चार माणसं येऊन उभी राहतात, त्याला गद्दाराचा शब्द लावू नका.

देवासनाका: आणि पैसे घेऊन फिरतो त्याला?

पलासियाकर: वकीलकाका, विसंगती घेतली. पण निकालात ‘लोप’ही आहे, म्हणजे जबाबात आलंच नाही आणि कोर्टात सांगितलं ते. ‘लोप’ म्हटलं की मला व्याकरणच आठवतं.

रामबाग_वकील: ‘अनुल्लेख’ करा. पण प्रत्येक अनुल्लेख म्हणजे विसंगती नव्हे, मुद्द्याचीच गोष्ट राहिली असेल तरच ती विसंगती.

सुदामानगर: ‘गाळणूक’ काय वाईट? देवासनाका, पैसे घेणाऱ्याला आमच्या आजी ‘उलटला’ म्हणायच्या.

देवासनाका: ‘उलटला’ म्हणजे अंगावर आला. फिरला म्हणा.