मदत हवी आहे: पीबीपी (फेरोमोन, म्हणजे किड्याचा वास, धरणारं) प्रोटीन काहीच धरत नाही

प्रयोगवही (बेळगाव)
तंबाखूवरच्या अळीचं, स्पोडोप्टेरा लिट्युराचं, पीबीपी-१ ई. कोलायमध्ये बनवलंय. जेलवर पट्टा स्वच्छ येतो. १-एनपीएन (प्रोटीनच्या पोकळीत बसलं की चमकणारं रसायन) टाकलं तर फ्लुओरोमीटरवर चमक वाढतच नाही, मग त्याला हटवायला फेरोमोन टाकून उपयोग काय? सोमवारी गाइडना आकडे द्यायचेत. लवकर सांगा.

घटप्रभा
बफर कोणता, पीएच किती? व्हेक्टर (जीन वाहून नेणारा डीएनए) कोणता? प्रोटीन विरघळलेलं मिळालं की इन्क्लूजन बॉडीतून (बॅक्टेरियातल्या न विरघळलेल्या गोळ्यांतून) काढलं?

वेदगंगाकाठ (निपाणी)
फेरोमोन धरत नाही म्हणजे ल्युअर (सापळ्यातली वासाची गोळी) जुनी असणार बघा. तीन-चार आठवड्यांनी बदला, न फोडलेली पाकिटं फ्रीजमध्ये ठेवा. घाटेअळीची ल्युअर हाताळलेल्या हातानं लिट्युराची लावू नका. नरसाळा सापळा शेंड्याच्या फूटभर वर.

प्रयोगवही
काका, सापळा नाही, ट्यूबमधलं चाललंय. @घटप्रभा बफर नेहमीचाच, अ‍ॅसिटेट, पीएच ५. व्हेक्टर पीईटी-३०, ई. कोलाय बीएल२१. इन्क्लूजन बॉडी युरियात विरघळवून निकेल कॉलमवर शुद्ध केलं, मग डायलिसिस.

घटप्रभा
पीएच ५ ला धरणारच नाही. आम्ल झालं की पीबीपीची सी-टोकाकडची शेपटी हेलिक्स बनून स्वतःच पोकळीत शिरते आणि आतल्याला बाहेर काढते. मिशीवरच्या केसाच्या द्रवात पीएच उदासीन असताना फेरोमोन धरायचा, न्यूरॉनच्या पडद्यापाशी आम्ल लागलं की सोडायचा, असं ते काम आहे. ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.४ घ्या. प्रोटीन २ मायक्रोमोलर, एनपीएन मिथेनॉलमधून २ ते १६ मायक्रोमोलर, उत्तेजन ३३७ नॅनोमीटर.
दुसरं, या प्रोटीनमध्ये सहा सिस्टीन असतात, डायसल्फाइड बंधांच्या जोड्या १-३, २-५, ४-६. नुसत्या युरिया-डायलिसिसनं त्या नीट जुळत नाहीत. डीटीटीनं सगळे बंध तोडा, मग सिस्टीन-सिस्टाइनच्या मिश्रणात पीएच ८ ला सावकाश घडी पाडा.

मलप्रभा
घडी पाडण्यात आठवडा घालवू नका. पीईटी-२२ घ्या, पेलबी संकेतामुळं प्रोटीन पेरिप्लाझममध्ये (बॅक्टेरियाच्या दोन पडद्यांमधल्या जागेत) जातं, तिथं डायसल्फाइड बंध आपोआप बनतात. १६-१८ अंशांवर रात्रभर, आयपीटीजी (प्रोटीन बनवायला लावणारं रसायन) कमी, मग ऑस्मॉटिक शॉक देऊन तिथलं प्रोटीन बाहेर काढा.

घटप्रभा
त्यात उत्पन्न फारच कमी मिळतं. शिवाय सोमवारपर्यंत नवं क्लोनिंग कसं होणार?

मलप्रभा
कमी मिळालं तरी घडी खरी असते. चुकीच्या घडीचं दहा मिलिग्रॅम घेऊन काय करायचं? आणि कुठूनही काढा, बॅक्टेरियाची फॅटी अ‍ॅसिड्स पोकळीत अडकून येतातच. पीएच ४.५ ला लिपिडेक्सवरून (फॅटी अ‍ॅसिड्स शोषून घेणारं रेझिन) काढून मग ७.४ ला आणा, नाहीतर एनपीएनला जागाच उरत नाही.

हिडकल
पण पीबीपी नुसतं वाहकच आहे का? रेशीमकिड्याचा बीएमओआर-१ रिसेप्टर बसवलेल्या पेशींना डीएमएसओ या द्रावकातून बॉम्बिकॉल (त्याचा फेरोमोन) दिला तरी प्रतिसाद येतो आणि बॉम्बिकॅल (त्याच्यासारखाच दुसरा रेणू) दिला तरी येतो. पीबीपीमधून दिलं की फक्त बॉम्बिकॉलला. म्हणजे निवडीतही त्याचा हात आहे.

मलप्रभा
चांगला मुद्दा, पण वेगळा धागा काढा. प्रयोगवही, आणखी एक: लिट्युराचा फेरोमोन अ‍ॅसिटेट आहे. लायसेटमधलं (फोडलेल्या बॅक्टेरियाच्या रसातलं) एस्टरेज एन्झाइम थोडं जरी उरलं तरी ते अल्कोहोल करून टाकेल. कॉलमनंतर जेल फिल्ट्रेशन (आकारानुसार वेगळं करणं) कराच.

वेदगंगाकाठ
ते कळलं. पण सापळ्यात मादी का येत नाही, सांगा की ओ? अंडी तीच घालते.

हिडकल
ल्युअरमध्ये मादीचाच वास आहे, तो ओळखणारे लांब केस नराच्या मिशांवर असतात. म्हणून सापळा आधी कीड आली का हे बघायला लावतात. नर पकडून कीड संपवायची तर एकरी आठेक लागतील, तेही पतंग यायच्या आधी.

प्रयोगवही
ट्रिसमध्ये बदललं, चमक थोडी वाढली. लिपिडेक्स आमच्याकडं नाही. दुसरं काय चालेल?