बांधकाम करताना हात कसे जपता? अनुभव लिहा

मंडळी, विटा, सिमेंट, सळई, फरशी, लाकूड यात ज्यांचे हात रोज असतात त्यांच्यासाठी हा धागा. घरची डागडुजी स्वतः करणाऱ्यांनीही लिहावं. हेल्मेट आणि बुटांबद्दल बरंच बोललं जातं, हातांच्या बाबतीत मात्र 'मोजे घाला' म्हटलं की विषय संपतो. तेवढ्यानं भागत नाही. कुठल्या कामाला कुठला मोजा, कुठे मोजा घालायचाच नाही, काम आटोपल्यावर हातांचं काय करायचं, हे जाणत्या माणसाकडूनच कळतं. तुमच्या कामातलं बारीकसारीक लिहा, नव्या पोरांना उपयोग होईल.

सुरुवात मी करतो. माझं काम गिलाव्याचं. ओल्या सिमेंटचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा आकडा) 12 ते 13 असतो, कातडीचा साडेपाचच्या आसपास. म्हणजे ओला माल (सिमेंट-वाळूचं मिश्रण) हे तीव्र अल्कली आहे आणि ते कातडी जाळतं. घात असा की जळताना बऱ्याचदा कळत नाही. दुपारी मनगटाला माल लागतो आणि आग सुटते संध्याकाळी, तोवर आतपर्यंत जखम झालेली असते. म्हणून दुखण्याची वाट बघायची नाही. माल लागला की तिथल्या तिथे धुवायचा, आणि कातडी लाल झाली असेल तर किमान 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरायचा.

सुती आणि चामड्याचे मोजे मालाच्या कामाला बाद. ते ओलावा पितात आणि तोच ओला माल तासन्‌तास कातडीला चिकटून राहतो. नायट्रिलचे (कृत्रिम रबराचे), मनगटाच्या वर येणारे मोजे हवेत. भिंतीच्या खालच्या भागाला हात खाली असतो, तेव्हा शर्टाची बाही मोज्यावर घ्यायची. छताचा गिलावा करताना हात वर असतो आणि माल कोपराकडे ओघळतो, तेव्हा बाही मोज्याच्या आत आणि मोज्याचा काठ बाहेर दुमडलेला. ओघळ त्या घडीत अडकतो, आत उतरत नाही. मोजा काढण्याआधी तो हातात असतानाच बाहेरून धुवायचा, नाहीतर काढताना दुसऱ्या हाताला माल लागतोच.

वीट वाहणारी, बिगारी काम

ताई-दादांनो, विटेबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. वीट कातडीतलं पाणी शोषते आणि वर घासते. बोटांची टोकं आधी गुळगुळीत होतात, मग चिरतात. आमच्यातल्या कित्येकींचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, अंगठा लावायला गेलं की पुन्हापुन्हा लावावा लागतो. तळव्याला रबराचा लेप आणि पाठीला विणलेलं कापड असा मोजा विटेला बरा पडतो, पकड सुटत नाही आणि हवाही लागते. लेप झिजून बोट दिसायला लागलं की तो मोजा टाकायचा. रात्री हात कोमट पाण्यानं धुऊन, थोडे ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली चोळायची आणि वर जुने सुती पायमोजे हातात चढवून झोपायचं. खोल भेगासुद्धा हळूहळू भरून येतात, पण नेमानं करायला हवं.

गवंड्याचा भाऊ

माझ्या थोरल्या भावाच्या हातांना वर्षानुवर्षं काही झालं नव्हतं. मग बोटांच्या बेचक्यात खाज, पुरळ, पाणी सुटणं सुरू झालं. काम बंद केलं की बरं, परत थापी धरली की पुन्हा तेच. सगळे म्हणायचे, उष्णता आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली तेव्हा कळलं, सिमेंटमधल्या क्रोमियमची ॲलर्जी. जळणं वेगळं आणि हे वेगळं. ही ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही, मग थोडासा मालसुद्धा पुरतो. भावाला शेवटी ओलं काम सोडावं लागलं. हातातली कला गेली याचं त्याला फार लागलं, आम्हालाही.

यावर उपाय कारखान्यातच होऊ शकतो हे मला नंतर समजलं. सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळलं की घातक क्रोमियम निरुपद्रवी रूपात बदलतं. युरोपात 2005 पासून पाण्यात विरघळणाऱ्या अशा क्रोमियमला दहा लाख भागांत 2 भाग एवढीच मर्यादा आहे. मात्र या मिश्रणाचा परिणाम साठवणुकीत कमी होत जातो, म्हणून जुनी, ओल लागलेली गोणी यासाठीही टाळावी. बेचक्यात खाज सुटली की घरगुती लेप लावत बसू नका, लवकर डॉक्टरांना दाखवा, एवढं कळकळीनं सांगतो.

सळई बांधणारा

आम्हाला चामड्याचाच मोजा लागतो, वर दादांनी तो मालाला बाद केलाय ते बरोबर, पण लोखंडाला तोच. सळईपेक्षा बांधणीची तार जास्त हात फाडते. आकड्यानं पीळ दिला की उरलेलं टोक आत वाकवायचं, नाहीतर मागून येणाऱ्याच्या पंजात जातं. धनुर्वाताचं इंजेक्शन गंजाच्या भीतीनं घेतात, पण त्याचे जंतू मातीत असतात, साधा खिळासुद्धा पुरे. दर 10 वर्षांनी घ्यायचं, आणि जखम मळकट, खोल असेल व आधीच्या इंजेक्शनला 5 वर्षं होऊन गेली असतील तर लगेच.

मशीनवर काम करणारा

मोजा घालायचा नाही अशी जागा विचारलीत. फिरता मिक्सर, स्टँडवरचा ड्रिल, टेबलावरचं करवतीचं पातं. इथे मोज्याचा एक धागा अडकला तरी मशीन हात आत ओढतं, सोडवायला वेळच मिळत नाही. अंगठी, कडं, हातातला दोरा, सगळं काढून खिशात. अंगठी खिळ्यात किंवा सळईत अडकून माणूस खाली उतरला तर बोटाची कातडी सोलून निघते. हातातल्या ग्राइंडरला घट्ट बसणारा मोजा चालतो. गार्ड काढून काम करणाऱ्याच्या शेजारी मी उभाही राहत नाही. चकतीवर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर ती चकती फुटू शकते, हे दोन्ही आकडे वाचूनच चकती बसवायची.

ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) चालवणारा

थंडीत बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात, शर्टाचं बटण लावायला जड जातं? ते कंपनामुळे आहे, थकव्यामुळे नाही. रक्तवाहिन्या आणि नसा दोन्हींवर परिणाम होतो, आणि बराच वाढला की मागे फिरत नाही. कंपन शोषणारे म्हणून विकले जाणारे मोजे ब्रेकरच्या जड धक्क्यांना फारसे पुरत नाहीत. छिन्नीला धार ठेवा, मशीन आवळून धरू नका, त्याचं वजन त्यालाच काम करू द्या, आणि आळीपाळीनं दोघांनी चालवा. हात गरम ठेवा. बिडी-सिगारेटनं त्रास वाढतो.

रंगकाम

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. एअरलेस स्प्रे गनचं (मोठ्या दाबानं रंग फवारणाऱ्या मशीनचं) टोक बोटाला टेकलेलं असताना चाप ओढला गेला तर रंग कातडी भेदून आत जातो. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं छिद्र, दुखणंही सुरुवातीला थोडं. पट्टी लावून घरी जाऊ नका. आत रंग पसरलेला असतो आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमावण्याची वेळ येते. दवाखान्यात जाताना रंगाचा डबा सोबत न्या, आत काय गेलंय ते डॉक्टरांना कळायला हवं.

फरशी बसवणारा

इपॉक्सी ग्राउट (फरशीच्या सांध्यांत भरायचा रेझिनचा माल) बोटानं पुसू नका, त्याचीही ॲलर्जी जडते. आणि कुणी विचारण्याआधी सांगतो, रॉकेल किंवा थिनरनं हात धुणं बंद करा. कातडीतलं तेल निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी सिमेंटला मोकळं रान मिळतं. साधा साबण, भरपूर पाणी, मग मलम. कामाआधी लावायची क्रीम मिळतात, ती लावा, पण मोज्याऐवजी नको.