प्रीती सर्व काही खरे मानते, तर मग शिकवण पारखायची की नाही?

प्रश्न – वहीवाली

आमच्या बायबलच्या शास्त्राभ्यासाच्या गटात गेल्या सहा महिन्यांपासून एक नवे शिक्षक येत आहेत. त्यांचे बोलणे ओघवते आहे, प्रार्थना मनापासूनची वाटते आणि आजारी माणसाच्या भेटीला ते न चुकता जातात, हे आधीच सांगितले पाहिजे. ऐकताना वचनांचे संदर्भ टिपून घ्यायची मला जुनी सवय आहे. गेल्या काही आठवड्यांत मात्र असे लक्षात आले की, वहीच्या पानावर डावीकडे अध्याय आणि वचन लिहिण्यासाठी मी जो रकाना आखते तो कोराच राहतो आहे, आणि उजवीकडे “प्रभूने मला दाखवले” हेच शब्द ओळीमागून ओळीत उतरले आहेत.

खरा विश्वास असलेल्या माणसाला आजार जडूच शकत नाही, असे ते एकदा म्हणाले. हे शास्त्रात कोठे आहे, एवढेच मी विचारले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसून म्हटले, “ताई, प्रीती सर्व काही खरे मानते, ती शंका काढत बसत नाही.” बाकीचे सगळे खाली पाहू लागले. घरी येऊन प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय उघडला, तर प्रीती सर्व काही खरे मानते हे शब्द तेथे खरोखरच आहेत. मग माझे विचारणे हा प्रीतीचा अभाव ठरतो का? आणि तसे असेल, तर योहान आपल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आधी आत्म्यांची परीक्षा करा, म्हणजे आत्म्याच्या नावाने बोलणारा खरा की खोटा ते पारखा, म्हणतो आणि लगेच एकमेकांवर प्रीती करा म्हणतो, ते एकाच माणसाने करायचे कसे?

उत्तर – पोथीवाचक

सातवे वचन त्यांनी सांगितले, पण त्याच्या आधीचे वचन वाचलेले दिसत नाही. प्रीतीला सत्याविषयी आनंद वाटतो, असे सहावे वचन सांगते. त्याच पत्रात थोडे पुढे, 14:29 मध्ये, दोघा-तिघा संदेष्ट्यांनी, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्यांनी, बोलावे आणि इतरांनी त्याचा निर्णय करावा, असा स्पष्ट नियम पौलाने घालून दिला आहे. आज आपण वापरतो ते अध्याय तेराव्या शतकात पडले. करिंथच्या मंडळीने हे पत्र सलग वाचलेले ऐकले, तेव्हा प्रीतीचे ते सुंदर वर्णन आणि पारख करण्याची ती आज्ञा त्यांच्या कानांवर एकाच बैठकीत, काही मिनिटांच्या अंतराने पडली असणार. पारखणाऱ्याकडे प्रीती नाही, असे त्यांच्यापैकी कोणाला वाटले असेल, हे मला संभवनीय वाटत नाही.

योहानाने परीक्षेसाठी वापरलेले ग्रीक क्रियापद धातू आणि नाणी पारखण्यासाठीही वापरत असत. आपण नाणे वाजवून घेतो तसेच ते आहे. नाणे वाजवून घेणारा देणाऱ्याला चोर म्हणत नाही, आणि ज्याचे नाणे खरे असते तो त्या आवाजाला भीतही नाही. पौलाच्या शिकवणीवरही बिरुया नगरातील लोकांनी हाच प्रयोग केला: तो सांगतो ते तसेच आहे की काय, हे ते दररोज शास्त्र उघडून पाहत होते, आणि प्रेषितांची कृत्ये 17:11 मध्ये त्यांची थोरवी गायली आहे ती याच कारणासाठी.

मात्र मुख्य गोष्ट याहून खोल आहे. येशू ख्रिस्त देहाने आला, हे कबूल होते की नाही, ही योहानाने दिलेली कसोटी आपल्याला आज कोरड्या सिद्धान्तासारखी वाटते. त्या काळी काही शिक्षक असे म्हणत की ख्रिस्ताला खरे शरीर नव्हते, ते केवळ भासत होते. शरीराला किंमत नाही असे एकदा मानले, की समोरच्या भावाच्या भुकेलाही किंमत उरत नाही. म्हणूनच तिसऱ्या अध्यायात योहान विचारतो की, जगाची साधनसामग्री जवळ असून जो गरजू भावाचा कळवळा येऊ देत नाही, त्याच्यामध्ये देवाची प्रीती कशी राहील? दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी अंत्युखियाचा बिशप इग्नाती याने स्मुर्णा येथील मंडळीला अशाच शिक्षकांविषयी लिहिले, तेव्हा विधवा, अनाथ, भुकेला आणि तहानेला यांची त्यांना पर्वा नाही, हे त्यांचे लक्षण म्हणून नोंदवले. शिकवण बिघडली की प्रीती कोठे तुटते, हे या लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. आपल्याला परीक्षा आणि प्रीती या दोन आज्ञा वाटतात. योहानाच्या लेखी ते एकच काम आहे.

आजाराविषयीच्या त्या विधानाचे म्हणाल, तर पौलाच्या सोबत्यांकडे पाहा: त्याने त्रफिमाला मिलेत नगरात आजारी असताना मागे ठेवले, एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता, आणि तीमथ्याला वारंवार दुखणी येत. या तिघांच्या विश्वासावर पौलाने कोठेही बोट ठेवलेले नाही. आपल्या कोऱ्या रकान्यात ही तीन नावे लिहून ठेवावीत.

उत्तर – निवृत्त पाळक

वरचे सर्व मान्य करून मी माझी एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मंडळीतील एका भावाने चुकीची शिकवण पसरवायला सुरुवात केली होती आणि ती चुकीचीच होती, यात मला आजही शंका नाही. मी लाल पेन्सिलीने खुणा केलेले बायबल घेऊन त्याच्या घरी गेलो. दार उघडताना त्याच्या कडेवर तापाने फणफणलेले मूल होते. मी आत जाऊन बसलो आणि पाऊण तास वचने दाखवली. त्यातील एकाही वचनाला त्याच्याकडे उत्तर नव्हते. मुलाला किती ताप आहे, हे मी विचारले नाही. तो पुन्हा कधी मंडळीत आला नाही, आणि त्याने मंडळी सोडण्याचे कारण म्हणून मी अनेक वर्षे त्याची शिकवण सांगत राहिलो.

बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात इफिस येथील मंडळीने खोट्या प्रेषितांना पारखून खोटे ठरवले, याबद्दल प्रभू तिची प्रशंसा करतो, आणि त्याच दमात तिने आपली पहिली प्रीती सोडली, हा दोष तिच्या पदरात घालतो. पारख थांबवा, असे तो म्हणत नाही, हेही नीट वाचावे.

उत्तर – तिसरे पत्र

योहानाच्या दुसऱ्या पत्रात चुकीची शिकवण घेऊन शिक्षक आला तर त्याला घरात घेऊ नका, असे आहे, आणि त्याचा अर्थ शेजाऱ्याशी बोलणे टाकावे असा कोणी लावू नये. त्या काळी मंडळ्या घरांतून भरत आणि फिरते शिक्षक यजमानाच्या आश्रयावर काम करीत. घरात घेणे म्हणजे त्या शिकवणीला आपले व्यासपीठ देणे होते. हेच हत्यार उलटे कसे चालते, ते योहानाच्याच तिसऱ्या पत्रातील दियत्रफेस नावाच्या माणसात दिसते. अग्रपदाच्या हव्यासापायी तो चांगल्या बंधूंनाही दाराबाहेर ठेवतो आणि त्यांना घेणाऱ्यांना मंडळीतून घालवतो.

दिदाखे या आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठीच्या प्राचीन पुस्तिकेची प्रत 1873 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली आणि 1883 मध्ये छापली गेली. फिरत्या शिक्षकांविषयीचे तिचे नियम अगदी घरगुती आहेत: तीन दिवस मुक्काम ठोकील तो खोटा संदेष्टा, आत्म्याच्या नावाने स्वतःसाठी पैसे मागेल तोही खोटा; दुसऱ्या गरजवंतांसाठी मागत असेल, तर मात्र त्याचा न्याय करू नये.

उत्तर – शंकासुर

त्याच पुस्तिकेत आत्म्याने बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा करू नका, ते पाप क्षमा होणार नाही, असेही आहे. सोयीचे तेवढेच का सांगता?

उत्तर – तिसरे पत्र

आक्षेप रास्त आहे. ते वाक्य मी सांगायला हवे होते. त्याच्या लगेच पुढे मात्र असे आहे की आत्म्याने बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नसतो, ज्याच्या ठायी प्रभूची चालचलणूक असेल तोच असतो. तेथे वाणीवरून वागणुकीकडे बोट दाखवले आहे. म्हणून ताईंना मी असे विचारतो: हे शिक्षक आजाऱ्याच्या उशाशी बसतात, तेव्हा काय बोलतात?

पुन्हा – वहीवाली

हा प्रश्न मला सुचलाच नव्हता, म्हणून आमच्या गटातील एका वयस्क भगिनींना विचारून आले. त्या दोन महिने अंथरुणाला खिळून आहेत. हे शिक्षक त्यांच्याकडे दर आठवड्याला येतात, उशी सारखी करून देतात, औषधाची वेळ विचारतात, आणि निघताना प्रत्येक वेळी विश्वासात कोठे कमी पडता ते शोधा, असे सांगतात. रात्री झोप लागत नाही, मी कोठे कमी पडले तेच आठवत राहते, असे त्या म्हणाल्या. त्रफिमाची गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली, तर त्यांनी ती दुसऱ्यांदा वाचायला सांगितली.

आता मी त्या शिक्षकांकडे एकटीच जाणार आहे. वही बरोबर नेणार आहे, पण ती उघडण्याआधी, ज्या घरी ते दर आठवड्याला जातात तेथे रात्री झोप लागत नाही, हे त्यांना सांगणार आहे.